हात हलवत

लिव्हिओ कोशुता, वय एकाहत्तर.
त्रिएस्तेच्या बंदरात क्रेन चालवायचा
तेव्हा दिवसभर बसूनच असायचा,
आणि कुणी त्याला हटकलं नाही.

आता रोज सकाळी
बार्कोलाच्या पाइनच्या झाडांपासून
मिरामारेच्या किल्ल्याच्या वळणापर्यंत
नेरीनाची चाकांची खुर्ची ढकलत नेतो.
बोरा सुटला असेल तर छातीने,
नसेल तर नुसत्या हातांनी.
आणि घरी येऊन टेकतो न टेकतो
तोच मनगट गुरगुरतं:
बराच वेळ बसलात. उठा, जरा पाय मोकळे करा.

घड्याळ लेकीने पाठवलंय, ग्राझहून, वाढदिवसाला.
त्यातले आकडे तिलाही दिसतात.
"पप्पा, काल नऊशे पावलं? फक्त?"
काल वारा होता, तो म्हणतो.
सांगत नाही, की दोन्ही हात मुठींवर असले
तर माणूस चालतोय हे घड्याळाला कळतच नाही.
पट्ट्याच्या पोटातल्या त्या हिरव्या काजव्याला
हात हलवत जाणारेच ठाऊक,
हात हलवत परत येणारे.
ज्यांच्या हातात काही आहे
त्यांची पावलं तो धरत नाही.

मग त्याला खोड लागली.
एका हाताने ढकलायचं, दुसरा झुलवायचा.
खुर्ची डावीकडे ओढ घेई, समुद्राकडे.
"बुडवायचंय का मला?" नेरीना विचारी.
रात्री जेवणानंतर शतपावली नव्हे, तीन हजारपावली,
ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत,
खालची सिन्योरा झिदारिच काठीने छत ठोके
आणि तो ठोक्यांवर ताल धरी.
कडं पूर्ण झालं की इवल्या पडद्यावर फटाके उडत.
त्या फटाक्यांसाठी
एकाहत्तर वर्षांचा माणूस मोज्यांत धावे.

एकदा तर
(हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही)
खुर्चीला ब्रेक लावून, तिला बाकापाशी ठेवून
एकटाच गेला, चौथ्या दिव्याच्या खांबापर्यंत,
दोन्ही हात झुलवत, शिपायासारखा.
चारशे बारा.
परत आला तेव्हा तिची शाल जमिनीवर पडली होती
आणि ती शालीकडे नुसती बघत होती.

त्याने शाल झटकली. घड्याळ काढलं.
पाण्यात भिरकावायला हात वर नेला,
मग तिच्या मनगटात अडकवलं,
"धर जरा," म्हणाला.
उजवं मनगट. सहा वर्षं कंपवाताचं,
मांडीवर पडल्या पडल्या
कुणी न उघडणारं दार ठोठावत असलेलं.

घरी पोचेपर्यंत नऊ हजार सातशे चाळीस.

त्याने आकडा दोनदा वाचला. मग मोठ्याने वाचला.
नेरीना गप्प.
मग खांद्यातून हसू सुटलं, इतकं,
की आणखी साठ पडली.

"म्हणजे मी कुठवर गेले?"

त्याने जुना रस्त्यांचा नकाशा काढला, फ्रिजवर डकवला.
पहिल्या आठवड्यात मोनफाल्कोने ओलांडलं.
उदिने तिने टाळलं, तिथे नणंद राहते.
ग्रादोला दोन दिवस मुक्काम केला, वाळू बरी आहे म्हणाली.
व्हेनिस दिसायला लागलं तेव्हा
ग्राझहून निरोप आला: शाब्बास पप्पा! असंच चालू ठेवा!
लिव्हिओने उत्तर लिहिलं, पुसलं,
पुन्हा लिहिलं: ठेवतो.

आता तो दोन्ही हातांनी ढकलतो.
खुर्ची सरळ जाते.

फक्त झोपेत तिचा हात थांबतो.
तेवढाच थांबतो, मिटलेल्या फुलासारखा नाही,
हातासारखाच,
चौतीस वर्षांपूर्वी नोंदणी कार्यालयात होता तसा.
तो दिवा मालवत नाही. पलंगाच्या कडेला बसून बघतो.
आणि तिच्या मनगटावर उजेड पेटतो:
बराच वेळ हालचाल नाही. उठा.

तो घड्याळावर तळहात ठेवतो,
ती जागी होऊ नये म्हणून.